कागदाची उलटतपासणी कोण घेणार?

अमली पदार्थाच्या खटल्यातून कुणी सुटलं की आपल्याकडचा वाद ठरल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, पैसेवाला होता, निवृत्त शास्त्रज्ञ गाठला, फी मोजली आणि हवं ते वदवून घेतलं. दुसरी म्हणते, पुडी पोलिसांनीच ठेवली असणार. या दोन वाक्यांवर वाहिन्यांचा तास सहज निघतो, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचा अर्धा तासही. परवा अशाच गप्पांत आमच्या कट्ट्यावरच्या नानांनी निकाल देऊन टाकला : "हे भाडोत्री तज्ज्ञ कोर्टात येऊच देऊ नयेत. सरकारी प्रयोगशाळा आहे ना? तिचा अहवाल बास." नाना माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, त्यामुळे मी चहा संपवला आणि गप्प बसलो. इथे मात्र बोलतो.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या खटल्यांत तज्ज्ञांचा सुळसुळाट झालेला नाही, तज्ज्ञ तिथे दिसतच नाही हे खरं दुखणं आहे. जिथे दहा वर्षांची किमान शिक्षा होऊ शकते, तिथे अहवालावर सही करणारा शास्त्रज्ञ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यायला हवा. आरोपीची ऐपत नसेल तर त्याच्या बाजूचा तज्ज्ञ सरकारी खर्चाने मिळायला हवा. आणि पदार्थ कोणता हे सांगणारा रसायनतज्ज्ञ वेगळा, तो पदार्थ माणसं कशी, किती, कशासाठी वापरतात हे सांगणारा वेगळा, एवढं तरी आपण समजून घ्यायला हवं. आज आपण पहिल्याचा कागद घेतो आणि दुसऱ्याला बोलावतच नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. सत्र न्यायालय, वर गरगरणारा पंखा, मुद्देमालाची गोणी कारकुनाच्या टेबलाला टेकवून ठेवलेली, लाखेचं सील कडेने तडकलेलं. पंचनाम्यात नेहमीचंच वाक्य : 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला ओलसर गांजासदृश पदार्थ, वजन 21 किलो 400 ग्रॅम.' छाप्याला पोलिसांनी दोन पंच आणि बाजारातला एक काटेवाला सोबत नेला होता. वजन बारदानासकट की बारदान वजा जाता, हे पंचनामा सांगत नव्हता. सरकारी वकिलांनी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल पुढे केला. एकच पान. पदार्थ गांजा असल्याचं खाली एका ओळीत. माझे सीनियर म्हणाले, "हरकत नाही." अहवालावर निशाणी क्रमांक पडला आणि पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला. तीन मिनिटंही लागली नसतील.

कायद्याने यात काही चुकलं नव्हतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 नुसार सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुरावा म्हणून वाचता येत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम 329 म्हणून आली आहे. न्यायालयाला वाटलं तर ते शास्त्रज्ञाला बोलावू शकतं. पण त्याला बोलवा असं म्हणायला, बोलावून काय विचारायचं हे कुणाला तरी ठाऊक हवं ना?

त्या 21 किलो 400 ग्रॅमचंच घ्या. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे गांजाच्या झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांविना आलेली पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्याच्या बाहेर राहिली. 20 किलोच्या वर 'व्यावसायिक प्रमाण' धरलं जातं आणि तिथे किमान शिक्षा दहा वर्षं. त्याच्या खाली किमान काही नाही, न्यायाधीश दहा वर्षांपर्यंत कितीही शिक्षा देऊ शकतो. वर गेलात तर कलम 37 मुळे जामीनही जवळजवळ बंद. म्हणजे गोणीतला पाला किती, बिया किती, देठ किती आणि शेंडे किती, यावर एका माणसाचं तारुण्य अवलंबून. गोणी ओली होती, सुकल्यावर वजन किती उरलं असतं? प्रयोगशाळेत गेला तो नमुना अख्ख्या गोणीचा प्रतिनिधी होता का? जुन्या स्थायी आदेशाप्रमाणे गांजाचा नमुना 24 ग्रॅमचा. मुठीएवढाही नाही, आणि तो वरून उचलला की तळातून, हे काढणाऱ्यालाच ठाऊक. अहवाल म्हणतो, नमुन्यात गांजा आहे. मान्य. पण खटला नमुन्यावर चालत नव्हता, गोणीवर चालत होता.

एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली द्रव्याच्या बाबतीत ही गंमत (शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) टोकाला जाते. हे द्रव्य इतकं जहाल की एक मात्रा ग्रॅमच्या दहा-वीस हजाराव्या भागाची. म्हणून ते टिपकागदावर थेंबून नखाएवढे चौकोन विकतात. आपल्याकडे त्याचं अल्प प्रमाण, म्हणजे शिक्षेची सर्वांत खालची पायरी, 0.002 ग्रॅम; व्यावसायिक प्रमाण 0.1 ग्रॅम. वजन कशाचं धरायचं? द्रव्याचं की कागदासकट? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न 1991 मध्ये चॅपमन खटल्यात आला. त्यातल्या 1,000 चौकोनांचं कागदासह वजन 5.7 ग्रॅम, शुद्ध एलएसडी सुमारे 50 मिलिग्रॅम. न्यायालयाने कागद धरला. आता हाच कागद आपल्या तराजूत टाका. असे 18 चौकोन कागदासकट 0.1 ग्रॅमच्या वर जातात, म्हणजे व्यावसायिक प्रमाण, किमान दहा वर्षं. त्याच 18 चौकोनांतलं एलएसडी भरतं 0.9 मिलिग्रॅम, म्हणजे अल्प प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी, जिथे कमाल शिक्षा एक वर्ष. एकच खिसा, एकच पाकीट. शिक्षा ठरवतोय तो कागदाचा जाडपणा.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ई. मायकेल राज खटल्यात शुद्ध द्रव्याचं वजन धरायला सांगितलं होतं. 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं आणि भेसळीसकट अख्ख्या मिश्रणाचं वजन ग्राह्य धरलं. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिपकागदही त्यात मोजावा असा निर्णय दिला. मग, नाना विचारतील, कायदाच असा ठरला तर तज्ज्ञ येऊन काय दिवे लावणार? रास्त प्रश्न आहे. तज्ज्ञ कायदा बदलू शकत नाही. पण दहा ते वीस वर्षांमध्ये शिक्षा कुठे ठेवायची, हा माणूस घाऊक व्यापारी की मित्रांबरोबर पार्टीला निघालेला पोरगा, हे ठरवताना 18 मात्रा म्हणजे काय हे न्यायाधीशाला कुणीतरी सांगायला हवं. ज्या काट्यावर मिलिग्रॅम मोजले तो मिलिग्रॅम दाखवतो तरी का, हे विचारायला हवं. अमेरिकेत तो निकाल जसाच्या तसा राहिला, पण शिक्षांचे दंडक ठरवणाऱ्या आयोगाने 1993 मध्ये आपल्यापुरता नियम बदलला : कागद बाजूला, प्रत्येक मात्रेला 0.4 मिलिग्रॅम धरा. मात्रा नावाची गोष्ट कुणीतरी समजावून सांगितली, तेव्हा हे झालं.

वापराचं ज्ञान तर आपल्याकडे कुणाच्याच खात्यावर नाही. अनेक वर्षं ब्राउन शुगर, म्हणजे हलकं हेरॉइन, ओढणारा माणूस दिवसाला किती लागते म्हणून घेतो? आठवड्याची बेगमी एकदम केली, आणि रस्त्यावरची पुडी भेसळीने फुगलेली, तर तो 5 ग्रॅमची अल्प प्रमाणाची रेषा ओलांडतो का? ओलांडली की तो व्यसनी राहत नाही, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा धनी होतो. उपचाराला स्वतःहून तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं कलम 64अ याच कायद्यात आहे, आणि तेही अल्प प्रमाणाशी बांधलेलं. इंग्लंडमध्ये अशा प्रश्नांवर बचाव पक्ष स्वतःचे तज्ज्ञ उभे करतो. नियमित वापरणाऱ्याची भूक किती, घाऊक घेतल्यावर स्वस्त किती पडतं, घरात सापडलेला काटा विकायला होता की स्वतःची मात्रा मोजायला, यावर ते साक्ष देतात आणि सरकारी वकील त्यांची सालं काढतो. आपल्याकडे हे प्रश्न साक्षीत येतच नाहीत. ते पोलीस अधिकाऱ्याच्या पत्रकार परिषदेत सुटतात.

तीच गत चाचण्यांची. दिवाळीत अनारसे खसखशीत घोळवणाऱ्यांना हे सांगायला हवं की भरपूर खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. अमेरिकेत नोकरीपूर्व चाचण्यांची अफूजन्य द्रव्यांची मर्यादा 1998 मध्ये 300 वरून 2,000 नॅनोग्रॅमवर नेली, त्यामागे खसखसच होती. गांजा नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे सापडतात. ते सापडले म्हणून त्या रात्री तो नशेत होता असं म्हणता येत नाही. आणि चाचणीच केली नाही तर? 2021 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझवरून सुरू झालेल्या प्रकरणात महिनाभर देशाने लोकांच्या मोबाइलमधले संवाद वाचले. कोणता शब्द कशाचं सांकेतिक नाव, यावर निवेदकांनी छातीठोक मतं दिली. मे 2022 मध्ये आरोपपत्र आलं तेव्हा सर्वांत गाजलेल्या नावासह सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचं तपास यंत्रणेनेच सांगितलं, आणि नशा केली होती का हे दाखवणारी वैद्यकीय तपासणी झालेली नव्हती हेही बाहेर आलं.

आता नानांची बाजू. ती कच्ची नाही. पैसे घेणारा माणूस पैसे देणाऱ्याकडे झुकतो, हे कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात 'मदरिस्क' नावाची प्रयोगशाळा होती. केसांच्या चाचणीवरून आईबाप कोकेन घेतात की नाही हे ती बालकल्याणाच्या खटल्यांत सांगत असे. तिच्या शब्दावर मुलं आयांपासून तोडली गेली. 2015 च्या चौकशीत तिच्या दहा वर्षांच्या चाचण्या न्यायालयीन कामासाठी अपुऱ्या आणि अविश्वसनीय ठरल्या. इंग्लंडने सरकारी फोरेन्सिक सेवा 2012 मध्ये गुंडाळून काम खासगी कंपन्यांकडे दिलं, आणि 2017 मध्ये एका खासगी प्रयोगशाळेत विषचाचण्यांच्या नोंदींत फेरफार झाल्याचं उघड होऊन 10 हजारांहून अधिक नमुने संशयात सापडले. तेव्हा, खासगी तज्ज्ञ आला की सत्य आलं, असं म्हणणाऱ्याने आधी ही दोन प्रकरणं वाचावीत.

पण सरकारी म्हणून काही शुद्ध होत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲनी डूखान नावाची रसायनतज्ज्ञ होती. कामाचा उरक असा की सहकारी थक्क व्हावेत. 2012 मध्ये कळलं की ती बरेच नमुने न तपासता, नुसते डोळ्यांनी पाहून 'कोकेन' लिहीत होती. तिच्या अहवालांवर उभे असलेले 21 हजारांहून अधिक खटले 2017 मध्ये रद्द करावे लागले. या सगळ्या प्रयोगशाळांचे मालक वेगळे, देश वेगळे. समान धागा एवढाच की वर्षानुवर्षं पलीकडच्या बाजूने कुणी जाणकार माणूस त्यांच्या कामात बोट घालून बघत नव्हता. मदरिस्कचा बुरखा फाटायला सुरुवात झाली तीही एका अपिलात बचाव पक्षाने दुसरा विषतज्ज्ञ उभा केला तेव्हा. नानांच्या सूत्राप्रमाणे तो दुसरा माणूस भाडोत्री होता.

आपल्याकडे काय वेगळं आहे? 2015 मध्ये सातारा जिल्ह्यात एका पोलीस हवालदाराच्या घरातून शंभरहून अधिक किलो पांढरी भुकटी निघाली. मेफेड्रोन हे कृत्रिम अमली द्रव्य त्याच वर्षी फेब्रुवारीत कायद्याच्या यादीत आलेलं, 'म्याव म्याव' हे त्याचं नाव नुकतंच वर्तमानपत्रांत रुळलेलं. कोट्यवधींचा साठा म्हणून मथळे झाले. पुढच्या तपासणीत ती भुकटी अजिनोमोटो असल्याचं बाहेर आलं. भोपाळच्या विमानतळावर 2010 मध्ये यंत्राने एका प्रवाशाच्या आमचुराला हेरॉइन ठरवलं आणि तो माणूस 57 दिवस तुरुंगात राहिला. यंत्र, हवालदार, निवेदक सगळे ठाम होते.

अनुभवी पोलीस अधिकाऱ्याला या व्यवहाराचं ज्ञान असतं, हे मला मान्य आहे. वीस वर्षं अमली पदार्थविरोधी पथकात काढलेल्या माणसाला पुडी कशी बांधतात, भाव काय चालतो हे कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2003 मध्ये हॉजेस खटल्यात अशा अधिकाऱ्याची तज्ज्ञ म्हणून साक्ष ग्राह्य धरली. धरू दे. आपल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्येही तज्ज्ञाच्या क्षेत्रांत 'अन्य कोणतेही क्षेत्र' असे शब्द आता आले आहेत, म्हणजे दार उघडं आहे. मात्र त्याने पिंजऱ्यात उभं राहून आपला भाव कुठून काढला हे सांगावं. 'आंतरराष्ट्रीय बाजारात 200 कोटी' हा आकडा किलोच्या भावाने की चिमटीच्या? अनुभव असणं आणि अनुभवाला उलट प्रश्न न होणं, यात फरक आहे.

हा फरक ब्रिटिश अमलात एकदा सविस्तर उघडा पडला होता. 1893 मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने जवळजवळ 1,200 साक्षी घेतल्या. गांजाने माणसं वेडी होतात हे तेव्हा सर्वमान्य होतं आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे दाखवले जात. आयोग त्या आकड्यांच्या मागे गेला. आढळलं असं की रुग्णाबरोबर येणाऱ्या तक्त्यात 'कारण' नावाचा रकाना होता. तो भरायचा पोलीस. माहिती नसली तरी रकाना रिकामा ठेवायची पद्धत नव्हती, मग 'गांजा' लिहून मोकळं व्हायचं. तेच पुढे इस्पितळाच्या वहीत उतरायचं आणि वहीतून वार्षिक अहवालात. 1892 च्या नोंदी आयोगाने एकेक करून उलगडल्या तेव्हा गांजाच्या नावावरची निम्म्याहून अधिक प्रकरणं टिकली नाहीत. हवालदाराच्या अंदाजाला दोन टेबलं ओलांडल्यावर वैद्यकशास्त्राचा शिक्का बसला होता. वह्या उघडून विचारणारं कुणी आलं म्हणून हे कळलं, नाहीतर तोच आकडा पुढे पन्नास वर्षं दाखला म्हणून फिरला असता.

उरला विलंबाचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात जड वाटतो. कलिन्याची प्रयोगशाळा असो की नागपूरची, तिथल्या शास्त्रज्ञाला दर खटल्यात बोलावलं तर तो नमुने तपासणार कधी? अमेरिकेत 2009 मध्ये मेलेंडेझ-डियाझ निकालाने विश्लेषकाची साक्ष हा आरोपीचा हक्क ठरवला, तेव्हा चार न्यायमूर्तींनी हीच भीती घालून विरोधी मत दिलं होतं. तो खटला, योगायोग बघा, मॅसॅच्युसेट्सचाच. तिथे यंत्रणा मोडून पडली नाही. पण तिथे बहुतेक आरोपी सौदा करून गुन्हा कबूल करतात, आपल्याकडे दहा वर्षांच्या खटल्यात ती सोयच नाही, म्हणून ते उदाहरण मी जसंच्या तसं इकडे आणणार नाही. तोडगा लहान ठेवता येईल. व्यावसायिक प्रमाणाचे खटले तेवढे घ्या. साक्ष दृकश्राव्य माध्यमातून घ्या, नव्या संहितेत ती मोकळीक आहे. अहवालासोबत चाचणीच्या मूळ नोंदी, आलेख आणि वजनाची नोंद आरोपीला द्या. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील आणि शास्त्रज्ञाचा दिवस वाचेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलांची जशी यादी असते तशी रसायन, औषधशास्त्र आणि व्यसनोपचारातल्या माणसांची यादी ठेवा, फी सरकारने द्यावी आणि बांधिलकी कोर्टाशी असल्याचं त्यांनी लिहून द्यावं. इंग्लंडच्या फौजदारी नियमांत तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य न्यायालयाशी, पैसे देणाऱ्याशी नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. श्रीमंत आरोपीला तज्ज्ञ आजही मिळतो. नाना म्हणतात तशी बंदी घातली तरी तो पडद्याआडून वकिलाला प्रश्न लिहून देईलच. बंदीचा फटका बसेल तो गोणीवाल्याला.

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फोरेन्सिक पथकाने घटनास्थळी जाणं नव्या संहितेच्या कलम 176 ने बंधनकारक केलं आहे, राज्यांनी ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करायचं आहे. म्हणजे कोर्टात येणारे वैज्ञानिक कागद वाढणार. ते वाचणारे वकील कुठून येणार?

त्या दुपारी कोर्टाबाहेर मी सीनियरना विचारलं होतं, "सर, शास्त्रज्ञाला बोलवायला नको होतं का? निदान फेरतपासणी तरी?" सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये थाना सिंग खटल्यात फेरतपासणी अगदी अपवादात्मक परिस्थितीतच द्यावी, आणि अर्ज अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करावा, असं सांगितलं आहे. आमच्या अशिलाला अहवालाची प्रत आरोपपत्राबरोबर तुरुंगात मिळाली होती. त्याला वाचता येत नव्हतं. विधी सेवेकडून आमची नेमणूक झाली तोवर दीड महिना उलटला होता. सरांनी फाइल काखेत मारली. "मुदत गेली रे कधीच," ते म्हणाले. "आणि बोलावून विचारणार काय होतो आपण? पाला आणि शेंडा यातला फरक तुला कळतो? मला नाही कळत."